आधी तुकाराम, मग बर्गमन

प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये लागला आणि मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त काळ चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. तिथून आलेलं प्रशस्तिपत्रक मात्र नंतर गहाळ झालं. १९७४ मध्ये ते पुण्यात, लॉ कॉलेजच्या मैदानावर, कचऱ्यात सापडलं. मूळच्या केरळच्या एका छायालेखकाने ते उचलून जपून ठेवलं आणि २००४ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा झालं. संग्रहालय त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर आहे.

पुणेकर या संग्रहालयाला फिल्म आर्काइव्ह म्हणतात, किंवा नुसतंच आर्काइव्ह. तिथल्या थिएटरात, शहरातल्या फिल्म सोसायट्यांच्या खेळांना आणि जानेवारीतल्या पिफला (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) जे येतात, किंवा यावंसं वाटत असूनही बिचकतात, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. पुढची टिपणं चित्रपट निवडायला मदत करतील. हेच चित्रपट का निवडले आणि कुठून सुरुवात करावी, एवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

बिचकण्याचं कारण ठाऊक आहे. 'आर्ट फिल्म' म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला विनोद होतो: दहा मिनिटं एक माणूस विहिरीकडे बघतो, पुढची दहा मिनिटं विहीर त्याच्याकडे बघते, मग दिवे लागतात आणि दाढीवाले गृहस्थ उठून बोलायला लागतात. विनोद अगदीच खोटा नाही. पण त्यामागचा समज चुकीचा आहे. या छोट्या थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांची काही वेगळी, अवघड जात नाही. त्यांतले कितीतरी एके काळी भर बाजारात, पिटातल्या प्रेक्षकांच्या शिट्ट्या-टाळ्यांत चालून गेलेले आहेत. 'तुकाराम' बघायला गेलेल्यांना आपण अभिजात चित्रपट बघतोय असं कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कंपन्या बुडाल्या, प्रिंटा झिजल्या, थिएटरांच्या जागी इमारती आल्या आणि या चित्रपटांना राहायला जागा उरली नाही. ज्यांना बाजारात जागा उरली नाही आणि ज्यांना ती कधी मिळालीच नाही, अशा दोघांचाही मुक्काम आता या थिएटरांत आहे. म्हणून इथे येताना परीक्षेला बसल्यासारखं येऊ नका.

मुळात हा मुक्काम उभा कसा राहिला? प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली आणि १९५३ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये संग्रहालय स्थापन झालं. पी. के. नायर नावाचा केरळचा तरुण आधी इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन साहाय्यक होता, तो संग्रहालयात आला आणि पुढची जवळजवळ तीन दशकं त्याने देशभर हिंडून चित्रपटांचे डबे गोळा केले. भारतात हजाराहून जास्त मूकपट झाले, त्यांतले मूठभर आज शिल्लक आहेत. 'आलम आरा' हा पहिला बोलपट कायमचा गेला. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं मिळाली, मधली नाहीत. जे मिळालं ते बहुतांशी नायरांमुळे. त्यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट केला. तो या यादीत आहेच. फक्त आधी दोन-चार जुने चित्रपट बघून मग तो बघावा. म्हणजे हा माणूस एकेका डब्यासाठी का झगडला ते उमगतं.

संग्रहालयात ठेवलेला चित्रपट लोकांना दाखवलाच नाही तर तो असून नसल्यासारखा, हे नायरांना कळलेलं होतं. म्हणून १६ मिलिमीटरच्या प्रिंटा गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना दिल्या जायच्या. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्त्यात १९४७ मध्ये फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, आणि मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. सुधीर नांदगावकरांनी या चळवळीपायी आयुष्य वेचलं. मंडळाच्या 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकाने मराठीत चित्रपटावर गंभीरपणे लिहायची सवय लावली. फिल्म सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरमधून सूट असायची, आणि सत्तरच्या दशकात सभासदांची संख्या वाढण्यामागे केवळ कलेची ओढ होती असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. परदेशी चित्रपटातलं अपेक्षित दृश्य येऊन गेलं की मागच्या रांगा रिकाम्या व्हायच्या, असं त्या काळचे लोक हसत सांगतात. तरी काहीजण उरायचे. चळवळ त्या उरलेल्यांवर चालली.

आता चित्रपटांकडे वळतो. पहिला अर्थातच 'संत तुकाराम', आणि तो भक्तीपोटी पहिला ठेवलेला नाही. दामले-फत्तेलाल हे दिग्दर्शक मूळचे कारागीर: फत्तेलाल कलादिग्दर्शनातले, दामल्यांचा हात ध्वनिमुद्रणावर बसलेला. म्हणून या चित्रपटात बोलणं कमी आणि बघण्या-ऐकण्याजोगं पुष्कळ आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अभिनय करतोय असं वाटतच नाही. पण चित्रपट पेलून धरते ती गौरीबाईंची आवली. नवरा देवाच्या नादात, घरात दाणा नाही, पोर आजारी. ही बाई पोराला घेऊन, पायातली वहाण हातात धरून, थेट देवळात विठ्ठलाला जाब विचारायला जाते. शेवटी वैकुंठाचं विमान दाराशी आलं तरी ती जात नाही. पोरांना कोण बघणार? चमत्कारांनी भरलेल्या या चित्रपटात चुलीचा हिशेब एका क्षणासाठीही सुटत नाही. इटालियन नववास्तववादाचं कौतुक करणाऱ्यांनी आवलीचं भांडण आधी बघावं, मग रोमला जावं. आणि दुसऱ्यांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा, ते ठसक्यात गाणारा सालोमालो बघताना आजचे कोण कोण डोळ्यांपुढे येतात, ते ज्याचं त्याने ठरवावं.

व्ही. शांतारामांचा 'कुंकू' (१९३७) दुसरा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपट्यांनी ती ज्या तडफेने उभी केली आहे, ती नव्वद वर्षांनंतरही निवलेली नाही. केशवराव दात्यांचा काकासाहेब खलनायक होत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्या हातून काय झालं ते त्याला हळूहळू कळतं, आणि ते कळणंच त्याला पेलत नाही. सुधारक सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. पुढे कुटुंबनियोजनाच्या कामाने त्या महाराष्ट्राला माहीत झाल्या; सई परांजपे त्यांची मुलगी.

मी 'कुंकू' इतका वर ठेवण्याचं खरं कारण त्यातला आवाज. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. भिंतीवरचं घड्याळ, भांडी, पावलं, रस्त्यावरचा गलका, ग्रामोफोन, एवढ्यावर सगळं चालतं. गाणीसुद्धा एखाद्या दिसणाऱ्या वस्तूच्या तालावर किंवा ग्रामोफोनच्या साथीने येतात. घरच्या टीव्हीवर 'कुंकू' बघताना पंखा, कुकर आणि शेजारचा टीव्ही या आवाजांत मिसळतात आणि शांतारामांनी काय केलंय ते ऐकूच येत नाही. अंधाऱ्या थिएटरात ते घड्याळ काकासाहेबांच्या वयाचे ठोके देत असतं. हा चित्रपट थिएटरातच बघा असा आग्रह मी 'तुकाराम'पेक्षाही 'कुंकू'साठी धरीन.

ज्यांना 'कुंकू' कानाने बघता आला त्यांनी पुढे धीर करून शांताल आकेरमान यांचा 'जान डिलमान' (१९७५) बघावा. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, तीन दिवस. ती बटाटे सोलते, मांस मळते, अंथरूण आवरते, दुपारी पैशासाठी एका पुरुषाला घरी घेते, पुन्हा स्वयंपाकाला लागते. चित्रपट तीन तास एकवीस मिनिटांचा आहे आणि कॅमेरा जागचा हलत नाही. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या जगभरच्या समीक्षकांनी त्याला सर्वकाळच्या यादीत पहिला क्रमांक दिला आणि बराच वाद झाला. त्या वादात शिरण्याची गरज नाही. पहिल्या दिवशीचे बटाटे आणि दुसऱ्या दिवशीचे बटाटे यांत काय फरक पडला, तेवढं बघा. आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळलेल्या बायकांना हा चित्रपट प्राध्यापकांच्या आधी कळतो असं माझं मत आहे. पुरुषांनी मध्येच चहाला उठू नये. डिलमानबाईही उठत नाहीत.

मूकपटांतला एक तरी बघायला हवा, तर 'कालिया मर्दन' (१९१९). कृष्णाचं काम फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी हिने केलं आहे. चित्रपट सुरू होण्याआधी ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. बापाने लेकीचं कौतुक साऱ्या देशाला दाखवावं तसा तो तुकडा आहे. मूकपट कधीच मुक्याने दाखवत नसत. पडद्याशेजारी पेटी-तबला असायचा. आजही एखादी संस्था असा साथीचा खेळ लावते तेव्हा तो चुकवू नका. लहान मुलांना न्यायला या यादीतला हा सगळ्यात चांगला चित्रपट आहे.

'पथेर पांचाली'बद्दल (१९५५) इतकं लिहिलं गेलं आहे की टिपणातही मी थोडक्यात आटपलं आहे. इथे फक्त त्याच्या पुण्यातल्या मुक्कामाविषयी सांगतो. सतीश बहादुर फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपटाचा रसास्वाद शिकवत, आणि 'पथेर पांचाली' हा त्यांचा हातचा ग्रंथ होता. एकेक दृश्य थांबवून, मागेपुढे करून, दुर्गा आणि इंदिर ठाकरुण यांच्यातल्या एका नजरेवर ते बराच वेळ बोलत. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय मिळून उन्हाळ्यात जे रसास्वाद शिबिर घेतात, त्यातून गेलेल्या पिढ्यांना चित्रपट वाचायला त्यांनी शिकवलं. नायर आणि बहादुर ही जोडी चित्रपट घेऊन कर्नाटकातल्या हेग्गोडूलाही गेली होती. शिमोग्याजवळच्या त्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम संस्थेने सत्तरच्या दशकात सुपारी पिकवणाऱ्या गावकऱ्यांना 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्ज', 'राशोमोन' दाखवले. लोकांना हे कळणार नाही असं ज्यांना वाटत होतं ते शहरात राहणारे होते. पुण्या-मुंबईत 'आमच्याकडचा प्रेक्षक तयार नाही' असं कुणी म्हणालं की मला हेग्गोडू आठवतं.

याच 'पथेर पांचाली'ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत होरपळली. जळक्या फिती आणि इतर प्रिंटा यांच्यावरून फ्रेम-फ्रेम जोडत २०१५ मध्ये नवी प्रत तयार झाली. खेळाला जाल तेव्हा ही नवी प्रत आहे का, एवढं जरूर विचारा. काशफुलांतल्या आगगाडीचा धूर तिच्यात वेगळाच दिसतो.

म्हाताऱ्या आईबापांविषयीचे दोन चित्रपट मी मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३): ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात, मुलं वाईट नाहीत पण कामात आहेत, आणि युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको नोरिको तेवढी त्यांच्यासाठी रजा काढते. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत असतो, पंगतीला बसलेल्या माणसाची नजर जिथे पोचते तिथे. त्या उंचीवरून घर बघायची सवय आपल्या मागच्या पिढीला होती, म्हणून हा जपानी चित्रपट मराठी माणसाला फार लांबचा वाटत नाही. दुसरा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३). संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशात सगळं विसरत चालले आहेत आणि रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे जातात. मोहन आगाशे शास्त्रींच्या भूमिकेत, इरावती हर्षे मुलीच्या. माहुताच्या बायकोचं काम करणाऱ्या अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलगी वडिलांना शोधत असते आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं भरवते. टोकियोतल्या नोरिकोला चन्नम्मा भेटली असती तर दोघींना एकमेकींची भाषा लागली नसती, असं मनात येतं. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी आणि अमेरिकेत असलेल्या मुलांनी हे दोन चित्रपट शक्य तर एकत्र बघावेत. रडू येईल, पण ओझू ते ओढूनताणून आणत नाही. 'अस्तु' थोडं आणतो. तो त्याचा दोष मी माफ केला आहे.

सत्तेविषयीचे मराठी चित्रपट हा आपला खरा ठेवा आहे, आणि याबाबतीत आपण हिंदीवाल्यांना मागे टाकलं, असं मी निःसंकोच म्हणतो. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा 'सामना' १९७५ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत होता. साखर कारखान्याचा सम्राट हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, दारूत बुडालेला मास्तर म्हणजे श्रीराम लागू. गाडी एकाच प्रश्नावर अडते, मारुती कांबळे कुठे गेला, आणि तो प्रश्न विचारणारा माणूस गावात कुणाच्या खिजगणतीत नसतो. 'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा. मंत्रालयातल्या फायली, युनियनचे पुढारी, पत्रकार दिगू टिपणीस. कृष्णधवल 'सिंहासन' आजच्या बातम्या बघून आल्यावर लगेच बघू नये, गोंधळ होतो.

'घाशीराम कोतवाल'चं मात्र सविस्तर सांगायला हवं. नाटक १९७२ मध्ये आलं आणि पुण्यात काय गदारोळ झाला तो सर्वांना ठाऊक आहे. त्याच नाटकावरून १९७६ मध्ये चित्रपट झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही त्यांतली नावं. घाशीराम म्हणजे ओम पुरी, त्यांचा पहिलाच चित्रपट. नाना फडणवीस म्हणजे मोहन आगाशे. नाटकाचं चित्रण करून मोकळं व्हावं असं त्यांनी केलं नाही. इतिहास कोण सांगतो आणि कुणाच्या सोयीने, यावर त्यांनी स्वतःचा चित्रपट रचला. मग तो नाहीसा झाला. वर्षानुवर्षं कुठे दिसेना. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडे त्याची एक प्रत राहिली होती, तिच्यावरून या शतकाच्या दुसऱ्या दशकात डिजिटल प्रत झाली. पेशव्यांच्या पुण्यावर पुण्यात शिकलेल्यांनी मराठीत केलेला चित्रपट जर्मनीत शिल्लक राहिला. तो सोपा नाही. पहिली वीस मिनिटं कोण कोण आहे हे कळत नाही. नाटक वाचून जा. म्हणजे अर्धं ओझं उतरेल.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) याच वळणाचा, फक्त आवाज खाली आणलेला. गटार साफ करणाऱ्या कामगाराला आपल्या गाण्याने आत्महत्येस प्रवृत्त केलं, असा आरोप एका शाहिरावर आहे. शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये करोनाने ते गेले. खटला चालतो, पुढची तारीख पडते, आणि कॅमेरा वकिलांच्या मागोमाग त्यांच्या घरी जातो. सरकारी वकील बाई लोकल पकडून घरी येतात, स्वयंपाक करतात. गीतांजली कुलकर्णींनी ही बाई अशी केली आहे की तिचा राग धरता येत नाही, आणि तीच फार अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. व्हेनिसला दोन पुरस्कार आणि देशात सुवर्णकमळ मिळूनही 'कोर्ट' थिएटरात आला कधी आणि गेला कधी ते बहुतेकांना कळलं नाही.

इथे आमच्यासारख्या जुन्या सभासदांना थोडं बोचणारं बोलतो. फिल्म सोसायट्यांनी जगातल्या गरिबीवरचे चित्रपट फार आत्मीयतेने बघितले: इटलीतली, बंगालमधली, इराणमधली. प्रेक्षागृहात मात्र बहुतेक एकाच थरातले लोक बसलेले असायचे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आला तेव्हा तो बघायला जे आले, त्यांतल्या अनेकांना या सोसायट्यांचा पत्ताही माहीत नव्हता. जब्या नावाचा मुलगा, वर्गातली एक मुलगी, काळी चिमणी, आणि गावातली डुकरं पकडायचं घरावर आलेलं काम. डुकराच्या पाठलागात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात; डुक्कर पळून जातं. ते पकडून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर आणि इतर सुधारकांची चित्रं सरकत जातात. शेवटी जब्या दगड मारतो तो आपल्या रोखाने येतो. थिएटरात तो अंगावर येतो, फोनच्या पडद्यावर येत नाही.

'फँड्री'च्या जोडीला अब्बास किआरोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (१९८७). चुकून मित्राची वही घरी आलेली, उद्या ती नसली तर मास्तर मित्राला शाळेतून काढतील, म्हणून अहमद डोंगरावरच्या वळणावळणाच्या वाटेने शेजारच्या गावात धावतो. दोन्हींत शाळा आहे, मोठी माणसं आहेत जी ऐकत नाहीत, आणि धावणारा मुलगा आहे. इराणी मुलाला दार सापडत नाही. आपल्याकडच्या मुलाला गावातलं प्रत्येक दार माहीत आहे आणि तेच त्याचं दुखणं आहे. हे दोन चित्रपट पाठोपाठ बघितले तर किआरोस्तामीचा थोडा निरागसपणा खटकायला लागेल. खटकू द्या.

ताज्या चित्रपटांतले दोनच घेतले. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' (२०२३) विदर्भातल्या गावातला: पदवीच्या परीक्षेला बसणारी सविता, कापसाचा भाव, आणि दर काही दिवसांनी बघायला येणारे पाहुणे, तेच प्रश्न, तोच पाट. टोरोंटोला गौरव झालेला हा चित्रपट आपल्या थिएटरांत लागायला २०२५ उजाडलं. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला त्याच वर्षी सनडान्सचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र यांच्यातल्या प्रेमाची ती गोष्ट आहे. दोन्ही चित्रपट अगदी साधे आहेत. 'समजले नाहीत' अशी तक्रार करायला जागा नाही, एवढे.

यादीत बर्गमन नाही, तारकोव्हस्की नाही, गोदार नाही. मला ते आवडत नाहीत असं नव्हे. नवख्या सभासदाला पहिल्याच महिन्यात बर्गमनचा 'द सेव्हन्थ सील' दाखवायचा आणि तो परत आला नाही की प्रेक्षकांची अभिरुची घसरली म्हणायचं, हा प्रकार मी पुष्कळ पाहिला. इथले पंधरा-सोळा चित्रपट बघून झाले की ते तिघे आपोआप वाटेवर येतात, आणि तेव्हा ते घाबरवत नाहीत.

थोडं व्यवहाराचं. वेळेच्या आधी पोचा. फिल्म सोसायटीच्या खेळाला जाहिराती नसतात, त्यामुळे उशिरा येणाऱ्याची सुरुवात खरोखरच बुडते. सबटायटल्स वाचावी लागतील अशा चित्रपटाला मधल्या रांगेत बसा, पुढे नको. खेळ संपल्यावर चर्चा असेल तर थांबा, पण कुणी पहिल्याच वाक्यात तीन फ्रेंच नावं घेतली तर निघायला हरकत नाही. आवडलं नाही असं उभं राहून सांगण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. तो वापरणारे कमी झाले आहेत. आणि पुढची टिपणं शक्यतो चित्रपट बघून आल्यावर वाचा.

एक विनंती उरते. ही यादी माझ्या आवडीची दिसत असली तरी तिच्यावर पहिली कात्री नशिबाने चालवली आहे. जे उरलं त्यातूनच निवडता आलं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि संग्रहालयाची नायट्रेटची असंख्य रिळं जळाली. तरीही हरवलेलं सगळंच जळालेलं नसतं. फाळक्यांची रिळं नायरांना फाळक्यांच्या घरच्यांकडूनच मिळाली होती. तालुक्याच्या गावात बंद पडलेल्या टॉकीजच्या केबिनमध्ये, जुन्या वितरकाच्या गोदामात, एखाद्या निर्मात्याच्या वारसांच्या माळ्यावर अजून पत्र्याचे गोल डबे पडलेले असू शकतात. तुमच्या पाहण्यात असे डबे आले तर ते भंगारवाल्याला देऊ नका आणि स्वतः उघडून उन्हात धरूही नका, कारण जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते. डब्यावरचं नाव वाचा, फोटो काढा आणि लॉ कॉलेज रस्त्यावर संग्रहालयाला कळवा.